हंगेरीतल्या गेओर्गिकोन या शेतीशाळेची गोष्ट सॉर्वॉशपासून सांगायला हवी

१७८० साली हंगेरीच्या सपाट मैदानी मुलखात, सॉर्वॉश नावाच्या गावात, एका पाद्र्याने शेतीची शाळा काढली. शाळेला जमीन मिळाली ती कुणालाच नको असलेली, चोपण. पावसात पाय ठेवला तर घोट्यापर्यंत आत, आणि उन्हं लागली की कुदळ उडून परत यावी इतकी कडक. ज्यांनी चोपण रान कसलंय त्यांना जास्त सांगायला नको.

आम्ही कसलंय. कृष्णाकाठी आमच्या रानाचा खालचा तुकडा माझ्या लहानपणी उसाचा होता. पाटपाणी वर्षानुवर्षं मोकळं सोडलं, निचरा कुणी बघितला नाही आणि एका उन्हाळ्यात बांधाच्या कडेला क्षारांचं पांढरं फूल दिसायला लागलं. दादा म्हणाले, "रान फुटलं." पुढं काही वर्षांत तिथं ऊस सोडाच, गवतही नीट येईना. मी तेव्हा शेतकीच्या पदवीला होतो. चार वर्षांत क्षारपड जमिनीवर दोन प्रश्नांची उत्तरं पाठ केली, सामू आणि विद्युतवाहकता लिहिली, गुण मिळाले. आमच्या कॉलेजच्या प्रक्षेत्रावर औत धरायचे ते रोजंदारीवरचे गडी. आम्ही बांधावर उभं राहून रेकॉर्ड बुकात निरीक्षणं लिहायचो. घरी येऊन दादांना काय सांगायचं हे मला कळत नव्हतं. ही सल गेली वीस वर्षं माझ्याबरोबर आहे आणि म्हणूनच शेतीच्या शाळा मुळात कुणी, कशासाठी काढल्या याचा मी मिळेल तिथून शोध घेत असतो.

पोस्ट मोठी आहे. शेतकी शिकलेल्या, शिकवणाऱ्या आणि नुसती शेती करणाऱ्या सगळ्यांनी वेळ काढून वाचावी अशी विनंती.

हंगेरीतल्या कृषी शिक्षणाचा इतिहास कुठंही वाचा, सुरुवात होते बालाटन सरोवराच्या पश्चिम टोकाला असलेल्या केस्टहेय या गावातून. तिथं काउंट द्यॉर्द्य फेश्तेतिच याने १७९७ साली 'गेओर्गिकोन' काढलं. नाव घेतलं रोमन कवी व्हर्जिलच्या शेतीवरच्या काव्यावरून. जर्मनीत आल्ब्रेश्ट थेअरची म्योगलिनची प्रसिद्ध शाळा १८०६ ची, स्वित्झर्लंडमधली फेलेनबर्गची होफविल १७९९ ची. म्हणजे केस्टहेय या दोघींच्या आधी. युरोपातल्या पहिल्या उच्च कृषी शाळांमध्ये तिचं नाव मानाने घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. पण गोष्ट काउंटच्या राजवाड्यापासून सुरू केली की ती उदार जमीनदाराची गोष्ट होऊन बसते. माझं म्हणणं आहे की ती सॉर्वॉशच्या त्या पाद्र्यापासून सांगायला हवी, कारण 'शेतीची शाळा कुणासाठी?' हा प्रश्न त्याने सतरा वर्षं आधी विचारला होता आणि त्याचं उत्तर वेगळं होतं.

त्याचं नाव शामुएल तेशेदिक. जन्म १७४२ चा, ल्युथरन पाद्री, जर्मनीत एर्लांगेनला शिकलेला. १७६७ मध्ये तो सॉर्वॉशला आला. तुर्कांच्या काळात ओस पडलेल्या या भागात १७२० च्या दशकात उत्तरेकडून स्लोव्हाक कुटुंबं आणून वसवली होती. तेशेदिकचे भाविक म्हणजे हीच कष्टाची माणसं. रविवारी प्रार्थनेला समोर बसलेल्यांचे हात आणि चेहरे त्याने नीट बघितले असणार. कारण त्याचं सगळं पुढचं आयुष्य या एकाच विचारात गेलं की ही माणसं इतकी राबतात, तरी उपाशी का?

त्याने उत्तर शोधलं ते मातीत. मुलांना हाताशी घेऊन त्याने चोपण जमिनीवर खालच्या थरातली चुनखडीयुक्त पिवळी माती खणून आणली आणि वर पसरली. आज आपल्याला यामागचं कारण माहीत आहे. चोपण मातीत चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. अशी माती ओली झाली की कण सुटे होतात, फुगतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. चुनखडीतला कॅल्शियम आला की तो सोडियमला हुसकावतो, माती रवाळ होते आणि निचऱ्याच्या पाण्याबरोबर सोडियम खाली जातो. आपण जिप्सम टाकतो ते त्यातल्या कॅल्शियमसाठीच. पण हम्फ्री डेव्हीने सोडियम हे मूलद्रव्य पहिल्यांदा वेगळं काढलं ते १८०७ साली. तेशेदिकची शाळा तोवर कायमची बंद झाली होती! रसायनशास्त्र हाताशी नसताना, निव्वळ खणून, टाकून, बघून, पुन्हा टाकून तो या उपायापर्यंत पोहोचला. मला या माणसाबद्दल वाटणारा आदर शब्दांत मांडता येत नाही.

सुधारलेल्या जमिनीत त्याने लसूणघास लावला, क्लोव्हर लावलं, बटाटा लावला, तुती लावून रेशीमकिडे पाळले. गुरं मोकाट सोडण्याऐवजी गोठ्यात बांधून घालायला शिकवलं, म्हणजे शेणखत हातात येतं. रॉबिनिया नावाचं एक काटेरी, पांढऱ्या फुलांचं झाड अमेरिकेतून युरोपात आलं होतं, त्याची रोपं त्याने त्या उजाड मैदानात लावली आणि लोकांना लावायला दिली. आज हंगेरीच्या एकूण जंगलाचा जवळजवळ चौथा हिस्सा रॉबिनियाचा आहे. तिथला फिकट, काचेसारखा नितळ मध याच झाडाच्या फुलांचा. एकट्या तेशेदिकने हे केलं असं मी म्हणणार नाही. पण मैदानी भागात हे झाड रुजवणाऱ्यांत त्याचं नाव पहिल्या ओळीत आहे.

आणि शाळेत कोण होतं? शेतकऱ्यांची मुलं. मुलीसुद्धा. सकाळी वाचन-लेखन-हिशेब, मग बाग, शेत, कार्यशाळा. मुली सूत कातायला, रेशीम काढायला, दुभतं बघायला शिकायच्या. १७८४ मध्ये त्याने हंगेरीतल्या शेतकऱ्याची अवस्था आणि ती कशी बदलता येईल यावर जर्मनमध्ये पुस्तक लिहिलं, दोन वर्षांनी ते हंगेरियनमध्ये आलं. सम्राट दुसऱ्या योसेफने त्याला सुवर्णपदक दिलं. पण पदकाने शाळा चालत नाही. स्वतःचा पैसा ओतत, स्थानिक विरोध सोसत, सहकारी पाद्र्यांशी भांडत त्याने ती ओढली. मध्ये एकदा बंद पडली, पुन्हा उभी केली आणि १८०६ मध्ये ती कायमची मिटली. पाठीशी ना जहागीर होती, ना सरकार.

आता केस्टहेयला येऊ.

फेश्तेतिच हा साधा जमीनदार नव्हता, हे मला मान्य करायलाच हवं. तो हुसार घोडदळात अधिकारी होता. १७९० मध्ये त्याने इतर अधिकाऱ्यांसोबत मागणी केली की हंगेरियन पलटणींत हुकूम हंगेरियन भाषेतून द्यावेत. व्हिएन्नाच्या दरबाराला हे सहन होणारं नव्हतं. कारवाई झाली आणि १७९१ मध्ये लष्कर सोडून तो आपल्या जहागिरीवर परतला. (हंगेरीचा थोर सुधारक इश्तवान सेचेनी हा त्याच्या बहिणीचा मुलगा. घराणंच तसं होतं.) जहागीर अफाट होती, पण वडिलांच्या वेळेपासून कर्जात बुडालेली. त्याने कारभार यानोश नॉद्यवाती याच्या हाती सोपवला. हा नॉद्यवाती म्हणजे १७९१ मध्ये हंगेरियन भाषेत शेतीवरचा पहिला सविस्तर ग्रंथ लिहिणारा माणूस. त्याने जहागिरीचे नियम लिहून काढले, हिशेबाची पद्धत बसवली आणि त्याच्या लक्षात आलं की हे नियम पाळू शकतील अशी शिकलेली माणसंच नाहीत. दिवाणजी, मुकादम, माळी, वनरक्षक सगळे बापाकडून मुलाकडे आलेल्या अंदाजावर चालतात.

गेओर्गिकोन या गरजेतून जन्मलं. शाळेचा आराखडा करताना फेश्तेतिचने मदत मागितली ती सॉर्वॉशच्या तेशेदिकची. त्याने विचार दिले, योजना लिहून दिली. तो स्वतः मात्र केस्टहेयला राहायला गेला नाही.

म्हणजे पाया त्याचा. पण वर इमारत चढली ती निराळी. जहागिरीचे अधिकारी तयार करणारी तीन वर्षांची वरची शाखा, जहागिरीच्या कायद्याचं शिक्षण, वनरक्षक, माळी, जमीन मोजणारे, घोडे सांभाळणारे, घरकारभार बघणाऱ्या मुली आणि सगळ्यांत खाली शेतकऱ्यांच्या पोरांची शाळा, अशी एकाच आवारात हळूहळू अनेक शाळांची वीण तयार झाली. शाळेला स्वतःचं शेत, द्राक्षमळा, फळबाग, रोपवाटिका, गोठे. वर्गात जे सांगितलं ते त्याच दिवशी शेतात करायचं. फेरेंत्स पेते नावाचा शिक्षक इथं शिकवायचा. हंगेरियनमधलं शेतीचं पहिलं नियतकालिक काढणारा हाच.

शेताच्या बाबतीत केस्टहेय आणि सॉर्वॉश एकच बोलतात आणि इथं मी फेश्तेतिचला मनापासून दाद देतो. शाळेच्या मालकीचं, उत्पन्न देणारं, नफा-तोटा सोसणारं शेत आणि ते कसणारे विद्यार्थी. असं शेत असलं की शिक्षकाला थाप मारता येत नाही, कारण सुगीला सगळं उघडं पडतं.

१८१५ मध्ये रिचर्ड ब्राइट नावाचा तरुण इंग्रज डॉक्टर केस्टहेयला आला. मूत्रपिंडाच्या विकाराला पुढं ज्याचं नाव मिळालं तोच हा ब्राइट. व्हिएन्नात नेपोलियनोत्तर युरोपची वाटणी चालू होती, तिथून तो हंगेरी बघायला निघाला. त्याने १८१८ च्या आपल्या प्रवासवर्णनात गेओर्गिकोनविषयी सविस्तर लिहिलंय. एखादा परदेशी डॉक्टर राजवाडे सोडून शेतीची शाळा निरखत बसतो, यावरून त्या जागेचा दबदबा लक्षात येतो.

आणि तरीही.

१७६७ मध्ये मारिया थेरेसाने जे नियम घालून दिले होते, त्यानुसार पूर्ण वाट्याची जमीन कसणाऱ्या कुळाने वर्षाला ५२ दिवस स्वतःच्या बैलांसह किंवा १०४ दिवस नुसत्या हातांनी जमीनदाराच्या शेतात फुकट राबायचं. याला तिकडे 'रोबोत' म्हणत. आपल्याकडचा शब्द वेठ. गेओर्गिकोनच्या भिंतीबाहेर फेश्तेतिचची उरलेली जहागीर या वेठीवरच चालत होती. म्हणजे शाळेतून हुशार दिवाणजी बाहेर पडायचा आणि त्याच्या हुशारीचं पहिलं काम काय, तर वेठीच्या दिवसांतून जास्त काम कसं निघेल ते बघणं. शेतकऱ्याच्या मुलालाही दार उघडं होतं, पण तो शिकणार तो मालकाच्या शेतासाठी.

तेशेदिकच्या शाळेत मुलगा शिकून जायचा तो बापाच्या रानात. हा फरक मला लहान वाटत नाही. हंगेरीतले अभ्यासक कदाचित म्हणतील की त्या काळात याहून वेगळं शक्य नव्हतं, पैसा जहागिरीकडेच होता आणि पैशाशिवाय शाळा टिकत नाही. बरोबर आहे. सॉर्वॉशची शाळा मिटली आणि केस्टहेयची टिकली, हाच त्याचा पुरावा. पण जी टिकली तिच्यावरूनच शेतीच्या शाळेचा साचा ठरला: शिकून अधिकारी व्हायचं, शेताच्या कडेला उभं राहून दुसऱ्याचे हात मोजायचे. आमच्या रेकॉर्ड बुकाची पूर्वज मला त्या साच्यात दिसते. हे सांगताना मी हंगेरीवर दोष ठेवत नाही. साचा सगळ्या जगाने उचलला. आपल्याकडे १८८३ मध्येच जोतीरावांनी लिहून ठेवलं होतं की शेतपिकांच्या आणि औत हाकण्याच्या परीक्षा घ्या आणि उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसं द्या. औत हाकण्याची परीक्षा! आमच्या पदवीत ती असती तर पहिल्या वर्षाला वर्गातली निम्मी मुलं दादांसारख्यांच्या पायाशी बसून शिकली असती.

भाषेबद्दल एक गोष्ट सांगून पुढं जातो. नॉद्यवाती, पेते, फेश्तेतिच या तिघांना शेतीचं ज्ञान हंगेरियनमध्ये हवं होतं. त्या देशात तेव्हा सरकारी कामकाज लॅटिनमध्ये, वरच्या वर्गाचं बोलणं जर्मनमध्ये. अशा वेळी शेतीचे शब्द जुळवत, घडवत जाडजूड ग्रंथ लिहिणं हे धाडस होतं. शेतकी पदवीचं शिक्षण मराठीत देण्याचा विषय काढला की आजही आपल्याकडे 'शब्द कुठून आणायचे' असं विचारतात. शब्द रानात पडलेत. वाफसा, पोयटा, चोपण, निचरा, फेरपालट, विरळणी यांना पर्याय शोधावे लागतात ते उलट इंग्रजीत.

१८४८ ला क्रांती झाली. हंगेरीत वेठ कायद्याने संपली. गेओर्गिकोनचे विद्यार्थी स्वातंत्र्यसेनेत दाखल झाले आणि शाळा बंद पडली. तब्बल सतरा वर्षं ती बंद होती. १८६५ मध्ये ती पुन्हा उघडली, आता सरकारी संस्था म्हणून. १९०६ मध्ये तिला अकादमीचा दर्जा मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ च्या जमीन सुधारणेत मोठ्या जहागिरी फोडून वाटल्या गेल्या, मग काही वर्षांतच सामुदायिक शेती लादली गेली. शाळा पुन्हा मिटली आणि १९५४ मध्ये पुन्हा उघडली. त्यानंतरच्या विलीनीकरणांची यादी मी देत नाही, नावं बदलत राहिली. १९७० मध्ये विद्यापीठ, २००० मध्ये वेस्प्रेमच्या विद्यापीठाची शाखा आणि २०२१ पासून हंगेरियन कृषी आणि जीवनविज्ञान विद्यापीठाचा 'गेओर्गिकोन परिसर'. जुन्या आवारात आता शेतीचं संग्रहालय आहे.

या सगळ्या पडझडीत एक गोष्ट मात्र बघण्यासारखी आहे. केस्टहेयने बटाटा सोडला नाही. विषाणू आणि करपा या दोन्हींना दाद न देणारा बटाटा तयार करायचा हे काम तिथं पिढ्यानपिढ्या चाललं. रानटी बटाट्यांच्या जातींशी संकर करायचा, मग चवीला आणि आकाराला बरा असणारा वाण निवडत बसायचं, म्हणजे एका वाणामागे दहा-पंधरा वर्षं. 'व्हाइट लेडी' हा तिथला गाजलेला वाण. तिथेच काम केलेल्या इश्तवान सार्वारी यांच्या निवडीतून पुढं 'सार्पो' वाण आले. सार्वारी आणि पोटॅटो यांची आद्याक्षरं जोडून हे नाव. ब्रिटनमधल्या ओल्या हवेत, जिथं करप्याने बटाट्याचा पाला आठवड्यात काळा पडतो, तिथं घरामागच्या तुकड्यात बटाटा लावणारी माणसं आज फवारणीशिवाय 'सार्पो मिरा' काढतात. परसात चार सऱ्या लावणाऱ्याच्या हाती थेट पोहोचलेलं हे ज्ञान आहे. मधे कुठला दिवाणजी नाही. तेशेदिकला हे आवडलं असतं असं मला वाटतं.

तेशेदिक १८२० मध्ये गेला, फेश्तेतिच आणि नॉद्यवाती दोघेही आदल्याच वर्षी, १८१९ मध्ये. केस्टहेयचा राजवाडा आज लाखो पर्यटक बघतात. सॉर्वॉशमध्ये तेशेदिकने उभारून घेतलेलं जुनं ल्युथरन चर्च आहे, त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. तिथं मुद्दाम वाट वाकडी करून जाणारे थोडे.

आमच्या खालच्या तुकड्यात दोन वर्षांपूर्वी निचऱ्यासाठी सच्छिद्र पाइप टाकले. चर काढला, जिप्सम टाकला, धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक गाडलं. यंदा पहिल्यांदा त्या रानात गहू गुडघ्यावर आला. सगळीकडे नाही, मधला पट्टा अजून पांढरा आहे. दादा आता नाहीत, पण गव्हाचा फोटो काढताना त्यांचीच आठवण होती.

या पोस्टच्या वाचकांत हंगेरीत शिकणारं किंवा काम करणारं कुणी मराठी माणूस असेल तर एक काम करा. बुडापेस्टहून सॉर्वॉशला रेल्वेने जाता येतं, एका दिवसात जाऊन येणं होतं. गावाबाहेर एखाद्या शेतकऱ्याला विचारून चोपण रानाचा जवळून एक फोटो काढा, भेगांसकट, आणि इथं खाली टाका. शेजारी मी आमच्या मधल्या पट्ट्याचा टाकतो.